‘आजी, तुम्ही जरा बाहेर बसा’

चीनमधल्या चांगचुन शहरातलं इस्पितळ. पलंगावर आजी, शेजारी न्यू यॉर्कहून आलेली नात, समोर तरुण डॉक्टर. डॉक्टरला इंग्रजी येतं हे कळल्यावर नात इंग्रजीत प्रश्न विचारायला लागते. आजार कुठवर गेलाय? हे तिला सांगायला नको का? डॉक्टरही इंग्रजीतच सांगतो, की इथली बहुतेक घरं सांगत नाहीत, माझ्या आजीला कॅन्सर झाला तेव्हा आमच्या घरच्यांनीही सांगितलं नव्हतं. हे सगळं आजीच्या देखत, पण तिच्या डोक्यावरून चाललेलं. ती आळीपाळीनं दोघांकडे बघत खुशीत हसते, कारण मुलगा डॉक्टर आहे, दिसायला बरा आहे आणि आपल्या नातीचं लग्न अजून व्हायचंय.

‘द फेअरवेल’ या लुलू वाँगच्या २०१९च्या चित्रपटातला हा प्रसंग बघताना आम्ही घरात खो खो हसलो. मग आई एकदम गप्प झाली. का, ते मला ठाऊक होतं. आजीच्या वेळी एका मोठ्या इस्पितळाच्या केबिनमध्ये आम्ही नेमकं हेच केलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘आजी, तुम्ही जरा बाहेर बसा.’ पण गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागायचा, आणि बाहेर पेशंटांची रांग होती. म्हणून ती तिथेच बसली आणि आम्ही भाषा बदलली. सी.ए., मेट्स, पॅलिएटिव्ह. म्हणजे कॅन्सर आहे, पसरलाय, आता फक्त वेदना कमी करायच्या. चौथीपर्यंत शिकलेली आजी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत तिचेच रिपोर्ट होते.

चित्रपटाची गोष्ट साधी आहे. आजीला (चित्रपटात तिला ‘नाय नाय’ म्हणतात, म्हणजे वडिलांची आई) फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, हातात तीन महिने. घरच्यांचं ठरतं, तिला सांगायचं नाही. पण भेटायला तर सगळ्यांना यायचंय. मग जपानमध्ये राहणाऱ्या नातवाचं तिथल्याच एका मुलीशी घाईघाईनं लग्न काढलं जातं, आणि अमेरिका-जपानकडची पोरंबाळं ‘लग्नाला’ म्हणून गोळा होतात. आजी हॉलचं बुकिंग, जेवणाचा मेनू यात बुडून जाते. मध्येच तिचा रिपोर्ट बदलून घ्यायला घरची माणसं झेरॉक्सवाल्याकडे पळतात. हे सगळं वाँगच्या स्वतःच्या घरी २०१३मध्ये घडलेलं. खऱ्याखुऱ्या थापेवर आधारित, अशा अर्थाची पाटीच सुरुवातीला येते. आजीच्या धाकट्या बहिणीचं काम तर तिच्या खऱ्या धाकट्या बहिणीनं, लू हाँग यांनी केलंय. म्हणजे लपवणाऱ्यांपैकीच एक जण पडद्यावर पुन्हा लपवतेय.

अमेरिकेत हा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. जुलै २०१९मध्ये तो फक्त चार चित्रपटगृहांत लागला, आणि दर चित्रपटगृहामागे पहिल्या शनिवार-रविवारची कमाई सुमारे ८८ हजार डॉलर झाली. त्या वर्षातला तोवरचा तो उच्चांक होता, ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्याही वरचा. नातीचं काम करणाऱ्या ऑक्वाफिनाला गोल्डन ग्लोब मिळालं, आजी झालेल्या झाओ शूझेन यांना आणि खुद्द चित्रपटाला इंडिपेंडंट स्पिरिट. गंमत अशी, की अमेरिकन पैशानं अमेरिकन बाईनं केलेला हा चित्रपट गोल्डन ग्लोबवाल्यांनी ‘परभाषी’ विभागात घातला, कारण तो बहुतांशी मँडरिनमध्ये आहे. चीनमध्ये २०२०च्या जानेवारीत तो लागला तेव्हा फारसा चाललाच नाही. नवल नाही. आपल्याकडे ‘मुलानं आईला अल्सर म्हणून सांगितलं आणि होता कॅन्सर’ एवढ्या भांडवलावर कुणी चित्रपट काढला, तर त्यात नवीन काय म्हणून लोक विचारतीलच.

आणि आपण? मला भेटलेल्या, हा चित्रपट बघितलेल्या बहुतेक मराठी माणसांचा पहिला उद्गार एकच होता, ‘अगं, हे तर आपलंच!’ परदेशात असणाऱ्यांचा तर हमखास. व्हिडिओ कॉलवर आजीला बघणारी, तिच्याशी मोडक्या मराठीत बोलणारी नातवंडं हल्ली घराघरांत आहेत. चित्रपटातली ती न्यू यॉर्कची नात, बिली, बाहेरच्या थंडीत उभी असते, आजी फोनवर विचारते, टोपी घातलीस का. बिलीच्या डोक्यावर टोपी नसते, पण ती घातली म्हणून सांगते. आपली मुलंही टोरांटोहून असंच सांगतात. इथवर ‘हे आपलंच’ मला मान्य आहे. मला खटकतं ते त्याच्या पुढचं वाक्य: ‘बघ, पूर्वेकडे कुटुंब असतं, पश्चिमेकडे नुसता माणूस. त्यांना नाही हे कळायचं.’ चित्रपटातल्या काकाच्या तोंडी याच अर्थाचं बोलणं आहे. पश्चिमेत माणसाला वाटतं आयुष्य आपल्या एकट्याचं, पूर्वेत ते सगळ्या घराचा एक भाग. म्हणून तिचं ओझं आपण उचलायचं. हे बोलणं एका पात्राचं आहे. प्रेक्षकांनी मात्र ते चित्रपटाचा निकाल म्हणून घरी नेलं. अमेरिकेतल्यांनी ‘किती वेगळी संस्कृती’ म्हणून, आपण ‘किती आपली संस्कृती’ म्हणून.

दोघांचंही चुकलं असं मला वाटतं, आणि ते का चुकलं हे नीट बघायला हवं.

१९६१मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतल्या एका इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारलं होतं, कॅन्सरच्या रुग्णाला त्याचा आजार सांगता का? जवळपास ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. कारणंही आपल्या ओळखीची. आशा संपेल, माणूस खचेल, काय सांगावं जिवाचं काही करून घेईल. शिकागोत! १९७९मध्ये तशीच पाहणी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत अमेरिकेची संस्कृती पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकली असं तर कुणी म्हणणार नाही. बदललं ते दुसरंच. उपचार वाढले, त्यांना रुग्णाची साथ लागू लागली, रुग्णांच्या हक्कांची चळवळ झाली, १९७३मध्ये तिथल्या इस्पितळांच्या संघटनेनं रुग्णांच्या हक्कांची सनद काढली. ज्याला आपण ‘पाश्चात्त्य स्वभाव’ म्हणतो तो पन्नास-साठ वर्षांचा आहे, आणि तो भांडून मिळवलेला आहे.

आता उलट्या बाजूनं बघा. १९९५मध्ये लॉस एंजेलिसमधल्या ८०० म्हाताऱ्या माणसांना विचारलं गेलं, शरीरभर पसरलेला कॅन्सर असेल तर रुग्णाला सांगावं का? युरोपीय वंशाच्या ८७ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं, कोरियन वंशाच्या ४७ टक्क्यांनी. हा आकडा ‘पूर्व वेगळी’ याचा पुरावा म्हणून नेहमी दिला जातो. मला त्यातले ते ४७ दिसतात. शंभरातल्या सत्तेचाळीस कोरियन आजीआजोबांचं म्हणणं होतं, सांगा. ‘आपल्याकडे सांगत नाहीत’ असं म्हणून त्या सत्तेचाळिसांना गप्प कुणी केलं? परक्यांनी नाही, घरच्यांनीच. संस्कृती हा शब्द घरात बहुधा तोच वापरतो ज्याच्या हातात निर्णय असतो.

आणि मराठी माणसानं तर या बाबतीत फार बढाया मारू नयेत, कारण आपल्याच एका लाडक्या चित्रपटानं नेमकी उलटी बाजू घेतली होती. संदीप सावंतांचा ‘श्वास’, २००४. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात, डोळ्यांचा कॅन्सर निघतो, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. डॉक्टरांचा आग्रह एकच. हे मुलाला आधी सांगितलं पाहिजे, त्याशिवाय ऑपरेशन नाही. आजोबांची जीभ रेटत नाही. आख्खा चित्रपट त्या न रेटणाऱ्या जिभेवर उभा आहे. तेव्हा कुणी म्हटलं नाही, की हे डॉक्टर पाश्चात्त्य विचारांचे आहेत आणि एवढ्याशा पोराला काय सांगायचंय. उलट लोक हमसून रडले, त्याला सुवर्णकमळ मिळालं, तो ऑस्करला निघाला तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. सात-आठ वर्षांच्या त्या नातवाला, परशाला, त्याचं खरं सांगावं हे आपल्याला पटलं. पंच्याहत्तर वर्षांच्या आजीला सांगावं हे मात्र पटत नाही. का? मला एकच उत्तर सुचतं, आणि ते फारसं शोभणारं नाही. परशापुढे अख्खं आयुष्य आहे, त्याला ते आंधळेपणानं जगायचंय, म्हणून त्याचं कळणं उपयोगाचं. आजीचं आता काय राहिलंय?

तिचं पुष्कळ राहिलेलं असतं. पाटल्या कुणाला, नथ कुणाला, शेताच्या तुकड्याचं काय, धाकट्या दिराशी वीस वर्षं धरलेला अबोला सोडायचा की तसाच न्यायचा, शेवट गावच्या घरात हवा की मुलाच्या फ्लॅटमध्ये, नळ्या घालून हवा की नको. शेवटच्या प्रश्नासाठी तर कायद्यानं आता वाट आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये लिव्हिंग विलला (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली, २०२३मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. ज्या बाईला आपल्याला पोटात साधी गाठ आहे असं वाटतंय ती असा कागद कशाला करेल? आणि दुखणं? बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांसाठीचं वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६पासून आहे, वेदना कमी करण्याचं शास्त्र आपल्याकडे नवीन नाही. पण ‘तिथे नेलं तर तिला कळेल’ या भीतीपोटी घरं ते दार ठोठावत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मूठ आपली असते आणि कळा तिच्या.

न सांगणाऱ्यांची बाजू मी हसण्यावारी नेत नाही. चित्रपटात बिलीची आई सांगते, की कॅन्सर माणसाला मारत नाही, भीती मारते. मराठीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे, हाय खाणं. ‘त्यांनी हाय खाल्ली आणि पंधरा दिवसांत गेले’, ही गोष्ट प्रत्येक घराकडे एखादी तरी असते. आमच्या घराकडे होती, आणि आजीच्या वेळी बाबांनी तीच पुढे केली. त्या गोष्टीतले काका पंधरा दिवसांत गेले ते आजार शेवटाला आला होता म्हणून, की कळलं म्हणून, हे कुणी तपासलेलं नसतं. पण भीती खोटी नसते. दहा मिनिटांत तीन पेशंट उरकणाऱ्या डॉक्टरनं रिपोर्ट टेबलावर टाकत ‘कॅन्सर आहे, लास्ट स्टेज’ म्हणायचं आणि पुढचा नंबर पुकारायचा, हे जर ‘सांगणं’ असेल तर त्यापेक्षा थाप बरी. परळच्या टाटा इस्पितळाचं नाव घेतलं तरी ज्यांचा चेहरा उतरतो (आपल्याकडे ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की आजाराचं नाव वेगळं सांगावं लागत नाही), त्यांना घरच्यांनी ‘मुंबईला जरा तपासून येऊ’ म्हणून नेणं यात माया असते, हे कबूल.

आणि चित्रपटालाही हे कबूल आहे. म्हणून तर तो चांगला आहे. पण त्यात एक तपशील आहे ज्याच्याकडे ‘हे आपलंच’ म्हणणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही. नाय नायनं स्वतः आपल्या नवऱ्याच्या बाबतीत असंच केलं होतं. त्याचा शेवट अगदी जवळ येईपर्यंत त्याला काही कळू दिलं नव्हतं. म्हणजे हा खेळ तिला माहीत आहे, ती तो खेळलेली आहे. मग तिच्याशी तो खेळताना तिची निदान मूक संमती आहे असं म्हणता येतं. आमच्या आजीनं हा खेळ कधी खेळलेला नव्हता. आजोबांना क्षयरोग झाला तेव्हा तिनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, आणि विडी बंद करायला लावली होती. सगळ्या आज्यांना एकाच मापाची पूर्व शिवून घालता येत नाही.

शेवटाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण प्रेक्षकांचं मत तिथे फिरलं असं मला वाटतं. कथा संपते ती निरोपावर. टॅक्सी निघते, आजी हात हलवत रस्त्यात उभी राहते, आत बसलेल्यांचे डोळे भरलेले. कुणाचं बरोबर होतं हे चित्रपट सांगत नाही. आणि मग अचानक खऱ्या आजीची छोटी चित्रफीत येते, व्यायाम करताना, आणि खाली ओळ, की निदानाला सहा वर्षं झाली, त्या अजून आहेत. आमच्या घरात टाळ्या पडल्या. मलाही हायसं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण त्या एका ओळीनं दीड तासाचा प्रश्न सोडवून टाकला. बघ, नाही सांगितलं म्हणून जगल्या!

हा पुरावा नाही. डॉक्टरांचा अंदाज चुकला, एवढंच त्यातून कळतं, आणि असे अंदाज सांगूनही चुकतात, न सांगूनही चुकतात. समजा त्या खरंच तीन महिन्यांत गेल्या असत्या, तर हीच थाप आपल्याला तितकीच गोड वाटली असती का? ज्यांच्या आज्या तीन महिन्यांत गेल्या त्यांच्यावर कुणी चित्रपट काढत नाही. आणि आणखी एक. वाँगच्या आजीला शेवटी कळलं ते या चित्रपटामुळेच. तिच्याच गावात, तिच्याच बहिणीला घेऊन चित्रीकरण झालं तरी तिला विषय सांगितलेला नव्हता, आणि मग एका मैत्रिणीनं परीक्षण पाठवलं. जगभरातल्या प्रेक्षकांना जे माहीत होतं ते तिला एका परीक्षणातून कळावं, हे मला त्या चित्रफितीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. एखाद्याचं मरण ही बातमी असेल तर ती ऐकण्याचा पहिला मान त्याचा असावा.

कायदा काय म्हणतो? चीनच्या १९९८च्या डॉक्टरांविषयीच्या कायद्यात आजाराची खरी माहिती ‘रुग्णाला किंवा त्याच्या कुटुंबीयांना’ द्यावी असं होतं (२०२२मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला). भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेतही डॉक्टरनं आजाराचं गांभीर्य वाढवू नये आणि कमीही करू नये असं बजावून झाल्यावर, माहिती कुणाला असावी या ठिकाणी रुग्ण, नातेवाईक ‘किंवा’ जबाबदार मित्र असं येतं. या ‘किंवा’त आपलं सगळं नरो वा कुंजरो वा मावतं. डॉक्टर खोटं बोलला नाही, त्यानं मुलाला सांगितलं. मुलगा खोटं बोलला नाही, तो गप्प बसला. एकाच आजीचा गाडा चार बोटं जमिनीवरून चाललाय आणि कुणाच्याच अंगाला माती लागत नाही. बाकी उपचारांच्या संमतीपुरता सर्वोच्च न्यायालयानं २००८मध्ये समीरा कोहली खटल्यात निकाल स्पष्ट दिलाय. त्या बाई भूल देऊन टेबलावर असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया झाली होती. न्यायालयानं म्हटलं, सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीनं आईची संमती चालत नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या वतीनं तिची आई सही करू शकत नसेल, तर पंच्याहत्तर वर्षांच्या आईच्या वतीनं मुलगा कसा करतो? करतो, कारण कागद त्याच्याचपुढे सरकवला जातो. आमच्या आजीच्या फॉर्मवर बाबांची सही आहे. आजीला सही येत होती. वळणदार यायची.

माझं म्हणणं ‘सगळ्यांना सगळं सांगा’ असं नाही. काही माणसांना खरंच जाणून घ्यायचं नसतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण नको म्हणणंही त्यांनी म्हणायला हवं. ‘आजी, रिपोर्ट आलेत. तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मी मुलाशी बोलू?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो? ‘आजी, तुम्ही जरा बाहेर बसा’ म्हणायला लागतो त्याहून दोन सेकंद जास्त. हे विचारलं आणि आजी म्हणाली, ‘तुम्ही त्याच्याशीच बोला बाबा’, तर चित्रपटातल्या काकाचं ते ओझं उचलण्याचं तत्त्वज्ञान मी डोक्यावर घेईन. न विचारता उचललेलं ओझं हे कधी कधी दुसऱ्याच्या हातातून काढून घेतलेलं गाठोडं असतं.

आमच्या आजीनं विचारलं होतं. मला. दुपारी ती गवारीच्या शेंगा मोडत होती, मी शेजारी फोन बघत बसले होते. मान वर न करता म्हणाली, ‘मला खरं काय झालंय गं?’ घरात सगळ्यांना सोडून तिनं मला विचारलं, कारण लहानपणापासून मला खोटं बोलता यायचं नाही, लगेच पकडली जायचे. मी म्हटलं, ‘अल्सर आहे आजी. जुना आहे म्हणून वेळ लागतोय.’ त्या दिवशी मला छान जमलं. ती म्हणाली, ‘बरं.’ शेंगा मोडून झाल्यावर शिरा वेगळ्या केल्या, ताट उचललं आणि आत गेली. नंतर तिनं कुणालाच काही विचारलं नाही. तिला पटलं होतं, की माझा चेहरा वाचून ते ‘बरं’ आलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

चित्रपट संपल्यावर आईनं टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं म्हणाली, ‘मला काही झालं ना, तर मला सांगायचं. स्पष्ट सांगायचं. मी काही अशी आंधळी राहणार नाही.’

‘सांगेन,’ मी म्हटलं.

‘आणि तुझ्या बाबांना झालं तर त्यांना मात्र अजिबात कळू द्यायचं नाही. ते फार घाबरट आहेत.’

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, ‘काय कळू द्यायचं नाही मला?’

आई आणि मी एकमेकींकडे बघितलं.